चुन्याच्या फक्कीचं घर

विदर्भ मुंबई राज्यात आला, त्याच वर्षी मी रत्नागिरीहून वर्ध्याला आलो. विदर्भाची सोय सरकारनं लावली होती. माझी कोणी लावली नव्हती. एका हायस्कुलात गणित शिकवण्याची नोकरी मिळाली होती, पण राहायचं कुठे हे नेमणुकीच्या कागदात कुठेच लिहिलेलं नव्हतं. निघताना सासरे म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत बिऱ्हाड झालं नाही तर सरळ परत या. आमच्या दुकानात माणूस हवाच आहे." सासऱ्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. बायको आणि पाच महिन्यांची मुलगी त्यांच्याकडेच होती, त्यामुळे त्यांचा सल्ला हा सल्ला नसून दम आहे, हे मला कळत होतं. उरलेलं आयुष्य सासऱ्यांच्या नजरेसमोर तूरडाळ तोलण्यात घालवायचं, या विचारानं माझी झोप उडाली होती.

झोप उडायला जागाही तशीच होती. धर्मशाळेतला मुक्काम संपल्यावर हेडमास्तरांनी दयेपोटी मला शाळेच्या भूगोलाच्या खोलीत पथारी टाकू दिली होती. भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा, त्याखाली माझी वळकटी. सकाळी पहिला तास व्हायच्या आत सगळा संसार कपाटामागे ढकलायचा.

गावात घरं नव्हती असं नाही, पण घरमालक विचारत, "फॅमिली कुठी हाय?" मी म्हणे, घर मिळालं की आणतो. ते म्हणत, फॅमिली आली की घर देऊ. एकट्या पुरुषाला कोणी ओसरी द्यायला तयार नव्हतं. आणि तिकडे सासरे म्हणत होते, घराशिवाय मुलगी पाठवणार नाही. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी ती गत होती.

अशा वेळी एका सकाळी भूगोलाच्या खोलीच्या दारात एक अवाढव्य सावली उभी राहिली आणि म्हणाली, "काय पाव्हणे, आफ्रिकेत झोप लागते का नाई?"

हे आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर. मूळचे अल्लीपूरचे. धोतर गुडघ्याच्या जरा खाली, डोक्यावर टोपी, बोटांना कायम रंग. त्यांच्याकडे एक सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. ती हातात धरून ते गावभर पायी हिंडत. विचारलं तर म्हणत, "बसलो तं घरं मागं पळतात. पाहू कशी मंग?"

कारण घरं पाहणं हा मास्तरांचा खरा धंदा होता. धंदा म्हणजे त्यात दमडी मिळत नव्हती. गावात बदलून आलेला पोस्टातला कारकून असो, कंपाउंडर असो की शिक्षक असो, मास्तर त्याला हुडकून काढत आणि घर मिळवून दिल्याशिवाय सोडत नसत. तोवर त्याला नाव नसे. तो नुसता 'पाव्हणा'. मी एकदा म्हणालो, "मास्तर, मला नावानं हाक मारा की." तर म्हणाले, "नाव कायचं? ज्याले गावात घर नाई, तो पाव्हणाच. घर झालं की आपोआप गाववाला होते."

स्वतः मास्तरांना मात्र घर नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. ड्रॉइंगच्या वर्गामागे एक अडगळीची खोली होती, तिच्यात मोडक्या फळ्यांच्या सोबतीनं ते राहत. जेवायला त्यांनी वार लावले होते. पूर्वी गरीब विद्यार्थी लावत तसे, पण हे पन्नाशीचे गृहस्थ! ज्यांना त्यांनी घर मिळवून दिलं, त्यांपैकी एकेकाकडे एकेक वार. सोमवारी पोस्टमास्तर, मंगळवारी कंपाउंडर असं चाले. जेवणापेक्षा घराची तपासणीच जास्त. हात धुताना मोरी पाहायची, पाणी पिताना विहिरीची चौकशी करायची आणि शेवटी घरच्या बाईला विचारायचं, "शेजारी विरजण देतात ना?" देतात म्हटलं की स्वारी खूष.

विरजणावर त्यांची फार श्रद्धा. घर पाहायला गेलो की मी छप्पर पाही. कोकणातला माणूस, कौलं धड आहेत का हेच आधी डोळ्यांना दिसायचं. मास्तर हसत. "पावसाचं काय घेऊन बसले, पाव्हणे? पाऊस येते अन् जाते. ऊन मुक्कामाले राह्यते." मग ते पश्चिमेच्या भिंतीला गालासकट हात लावून उभे राहत. भर दुपारी भिंतीला गाल लावून डोळे मिटलेला धिप्पाड माणूस पाहून घरमालकांच्या बायका आत पळत. एवढं झाल्यावर शेजारच्या दारात जाऊन ते वाटीभर विरजण मागत. मिळालं नाही तर कितीही चांगलं घर असो, मास्तर सायकल वळवत. "ज्या शेजाराले विरजण भेटत नाई, तेथं बिऱ्हाड नासते," हे त्यांचं शास्त्र. एकदा मी वैतागून म्हणालो की मला दही आवडत नाही. मास्तरांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मी पुन्हा ते काढलं नाही.

शाळेतले लोक त्यांना चक्रम म्हणत. त्यातही एक गंमत कळली. मास्तर दर गुरुवारी उपास करत. सगळ्यांना वाटे, दत्तभक्त असतील. खरं कारण वेगळंच निघालं. गुरुवारवाल्या कुटुंबाची सेलूला बदली झाली होती आणि तो वार रिकामा पडला होता. "तरीच तुमच्या घरासाठी इतकी धडपड चाललीय," असं म्हणून इतिहासाच्या सरांनी मला टाळी दिली.

सिंदी मेघेच्या वाटेवर एका गल्लीत एका म्हाताऱ्या विधवेचं घर होतं. सगळी गल्ली तिला मोठ्याबाई म्हणे. पुढे त्या स्वतः राहत, मागच्या बाजूला दोन खोल्या आणि स्वैपाकघर, आणि त्यांना वर्षानुवर्षं कुलूप. विहीर गोड, पश्चिमेला कडुनिंबाची सावली. मास्तरांचा त्या खोल्यांवर फार दिवसांचा डोळा होता. ते मला घेऊन गेले तेव्हा मोठ्याबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "खोल्या देत नाई. माह्या पोराच्या हायेत त्या. तो येईन."

मुलगा कलकत्त्याला नोकरीला होता. नोकरी, बायको, मुलं, सगळं तिकडेच.

मास्तर म्हणाले, "मोठ्याबाई, तुमचं पोरगं तिकडं कोणाच्या घरात राह्यते?"

"भाड्याच्या."

"मंग त्या घरवालीनं म्हटलं असतं, खोल्या माह्या पोराच्या हायेत, तं तुमचं पोरगं कुठी झोपलं असतं?"

मोठ्याबाई उठल्या, वातींचं ताट आत नेलं आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. परतताना मास्तर सायकल ढकलत माझ्या पुढे चालत राहिले. शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाले, "चुकलं माह्यं. आईले असा हिशेब सांगाचा नसते."

दिवाळी जवळ येत चालली. मी मनातल्या मनात डाळ तोलायला सुरुवात केली होती. तेवढ्यात एका दुपारी मास्तर भूगोलाच्या खोलीत आले आणि म्हणाले, "बायकोले बलवा, पाव्हणे."

"घर मिळालं?"

"नाई."

"मग?"

"येतपर्यंत भेटते. लिहा, घर हाय म्हणून."

का कोण जाणे, मी लिहिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि माझी काडी तर चांगली अगडबंब होती. सासऱ्यांना नागपूरला जाणारं एक ओळखीचं कुटुंब सापडलं आणि त्यांच्या सोबतीनं बायको मुलीला घेऊन निघाली. ज्या दुपारी गाडी वर्ध्याला यायची, त्या दुपारी मी मास्तरांना विचारलं, "कुठे न्यायचं त्यांना?" मास्तर पाण्याच्या बादलीत ब्रश धूत होते. म्हणाले, "घरी."

स्टेशनावर मास्तर छकडा घेऊन हजर होते. बायको उतरली. सोबत ट्रंक, पितळी भांड्यांचं बोचकं, पाळण्याच्या दोऱ्या आणि खांद्यावर झोपलेली मुलगी. "उन्हाळा संपला नाही वाटतं इथे अजून?" एवढंच ती बोलली आणि विश्वासानं छकड्यात बसली. तो विश्वास पाहून मला घाम फुटला.

छकडा वळत वळत थेट मोठ्याबाईंच्या गल्लीत शिरला आणि त्यांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत, तिथल्या एका निंबाखाली उभा राहिला. मोठ्याबाईंचं दार बंद होतं, खिडकी किलकिली होती. मास्तरांनी सायकलीच्या हँडलला अडकवलेला डबा काढला. त्यात शाळेचं मैदान आखायची चुन्याची फक्की होती. धोतर खोचून ते वाकले आणि जमिनीवर रेघ ओढायला लागले. काय हात होता तो! दोरी नाही, पट्टी नाही, आणि रेघ ताठच्या ताठ. बघता बघता दोन खोल्या उभ्या राहिल्या, म्हणजे आडव्या पडल्या. त्यांच्या मागे स्वैपाकघर, एका कोपऱ्यात देवघर, पुढे उंबरठा, दोन्ही बाजूंना खिडक्या. अंगावरची धूळ झटकून मास्तर बायकोला म्हणाले, "या वहिनी. हे तुमचं घर."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी जमिनीकडे. "हे घर?" तिचा आवाज इतका हळू होता की मला परतीची गाडी दिसायला लागली. तिला खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं. आफ्रिका, फॅमिली कुठी हाय, कुलूप लावलेल्या खोल्या, सगळं. ऐकून तिनं त्या रेघांवरून एकदा नजर फिरवली. मग तिनं पदर खोचला.

"मोरी कुठाय?" तिनं मास्तरांना विचारलं.

मास्तर चपापले. मोरी राहिली होती. त्यांनी कान पकडले आणि स्वैपाकघरालगत झटपट एक चौकोन काढला. मग बायकोनं चपला उंबरठ्याच्या रेघेबाहेर काढल्या, उजवं पाऊल टाकून आत गेली, मुलीला मधल्या खोलीत सतरंजीवर निजवलं आणि स्टोव्ह पेटवायला बसली. त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला, की सासरे समोर असते तरी मी छाती काढून उभा राहिलो असतो.

गल्ली जमायला कितीसा वेळ लागतो? समोरची शिंपीण आली, तिच्या मागून आणखी चारजणी. मास्तर दाराच्या रेघेशी उभे राहून "इकडून, इकडून, भिंतीतून नोका येऊ" म्हणत होते. आणि आश्चर्य म्हणजे एकही बाई भिंतीतून आली नाही. सगळ्या चपला काढून दारातून आत आल्या, बसल्या, कोकणात कापूस होतो का, मुलीचं नाव काय, अशा गप्पा सुरू झाल्या. शिंपिणीनं तांब्याभर दूध आणलं होतं. नव्या घरात दूध उतू घालवायचं म्हणून बायकोनं ते स्टोव्हवर ठेवलं.

मोठ्याबाईंची खिडकी जराशी आणखी उघडली. मग दार उघडलं. त्या ओसरीवर आल्या आणि डोळे बारीक करून रेघांकडे पाहू लागल्या. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मास्तर!"

"जी, मोठ्याबाई."

"हे माह्या मागच्या खोल्या काढल्या तुम्ही?"

"काढल्या तं तशाच. आत कधी गेलो नाई, बाहेरून अंदाज घेतला."

"अंदाज!" मोठ्याबाई तरातरा पायऱ्या उतरल्या. "सैपाकघराची खिडकी तिकडं कुठी हाय? मावळतीले खिडकी ठेवते का कोणी? चुलीपाशी बसनाऱ्या बाईच्या डोळ्यात ऊन जाईन ना! उगवतीले हाय ते." बोलत बोलत त्या उंबरठ्याशी पोचल्या, सवयीनं चपला काढल्या आणि दारातून आत आल्या. बोटानं दाखवलं, "अशी. येथं." मास्तरांनी निमूटपणे पायानं एक खिडकी पुसली आणि दुसरी काढली. मोठ्याबाईंनी देवघरही हातभर सरकवायला लावलं. कुठल्या कोनाड्यात मुलाची दौत असायची, तेही सांगितलं. मग माझ्या बायकोनं त्यांना बसायला पाट दिला आणि त्या बसल्या. झोपेतून उठून रडू लागलेली मुलगी बायकोनं त्यांच्याच मांडीवर दिली, कारण दुधाकडे पाहायचं होतं.

दूध उतू गेलं. बायकांनी हात जोडले. शिंपीण म्हणाली, "थांबा, मी इरजन आनून देतो." मास्तर घाईनं म्हणाले, "बसा हो बाई. दूध केवढं गरम हाय. कोमट तं होऊ द्या." शिंपीण बसली. गप्पा रंगल्या. मास्तर मधूनच आकाशाकडे पाहत होते. मला वाटलं, पावसाचं चिन्ह पाहतायत. पाऊस येते अन् जाते म्हणणारा हा माणूस पावसाकडे कशाला पाहील, हे माझ्या गणिती डोक्यात तेव्हा आलं नाही.

ऊन उतरलं. मोठ्याबाई मुलीला कडेवर घेऊनच उठल्या, ओसरीशी जाऊन तुळशीपाशी दिवा लावून आल्या. गल्लीत घराघरांतून दिवे लागले. बायकोनं दुधात करंगळी बुडवून पाहिली आणि म्हणाली, "कोमट झालं. आता कुणीतरी विरजण द्याल का?"

शिंपीण शेजारणीकडे पाहू लागली. शेवटी मोठ्याबाईच बोलल्या, "दिवा लागला, बाई. दिवा लागल्यावर इरजन घराबाहेर देत नसतात. घरातली लक्ष्मी जाते."

"खरं हाय," मास्तर लगेच म्हणाले. "घराबाहेर नाईच द्याव." मग जरा थांबून, टोपी नीट करत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "पन घरातल्या घरात द्याले तं हरकत नाई ना, मोठ्याबाई?"

मोठ्याबाईंनी मास्तरांकडे पाहिलं, भांड्यातल्या दुधाकडे पाहिलं. मुलगी त्यांच्या पदराची कड तोंडात घालून चोखत होती. मी तर मनातल्या मनात देवाला नवस बोलून बसलो होतो.

"एवढं दूध रस्त्यावर नासवता का मंग?" मोठ्याबाई मास्तरांवर कडाडल्या आणि त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या बायकोच्या हातात दिली. "चल वं पोरी आत. पन सांगून ठेवतो, खिडकी जेथं हाय तेथंच राहीन."

शिंपिणीनं चक्क टाळ्या वाजवल्या. ट्रंक कोणी उचलली, बोचकं कोणी नेलं, मला कळलंच नाही. कुलूप गंजलं होतं. मास्तरांनी खांदा लावला. आत जाळी, धूळ आणि उगवतीची खिडकी. मोठ्याबाईंनी आपल्या हातानं दुधात विरजण घातलं आणि भांडं त्याच कोनाड्यात ठेवलं, मुलाची दौत असायची त्या. मी बाहेर येऊन मास्तरांचे दोन्ही हात धरले. माझे डोळे भरून आले. मास्तर म्हणाले, "आता रडता काऊन? सकाळी दही पाहा." आणि सायकल धरून निघाले. ती खुळी सायकल त्या दिवशी मला ऐरावतासारखी वाटली.

सकाळी मोठ्याबाईंनी भांडं उलटं धरून दाखवलं. दही हललं नाही.

फक्कीचं घर मात्र समोर तसंच होतं. मोठ्याबाई रोज सकाळी सडा टाकत, पण पाणी रेघेपाशी आणून थांबवत. दूधवाला सायकलवरून उतरून वळसा घेई. पोस्टमन तर दाराच्या रेघेशी उभा राहून हाक मारी. एकदा शिंपिणीची शेळी भिंतीतून आत गेली तर शिंपिणीनं तिला हाकलून दारातून बाहेर काढलं.

दिवाळीला सासरे आले, खात्री करून घ्यायला. त्यांनी कौलं पाहिली, विहीर पाहिली, खुंटी हलवून पाहिली. नावं ठेवायला काही सापडेना, म्हणून चेहरा लहान झाला होता. तो गुरुवार होता. जेवणाच्या वेळेला मास्तर आले. फक्कीच्या उंबरठ्यावर चपला काढल्या, मग खऱ्या उंबरठ्यातून आत आले, मोरी पाहिली, पाटावर बसले. बायकोनं दोघांना शेजारी शेजारी ताटं वाढली. दही वाढताना मास्तरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "शेजारी विरजण देतात ना, वहिनी?"

"शेजारी माझ्याकडून नेतात," ती म्हणाली.

मास्तरांचा हात ताटावर थांबला. इतका मोठा माणूस, पण चेहरा असा उजळला, जणू त्यांनाच कोणी घर दिलं होतं. मी फार दिवसांपासून मनात असलेलं विचारून टाकलं, "मास्तर, इतक्यांना घरं मिळवून दिलीत. तुम्ही स्वतः का नाही एक घेत?"

"मले कायले?" ते म्हणाले. "माह्यी सात घरं हायेत. आज सातवं भरलं."

मग त्यांनी भात कालवला आणि शेजारी बसलेल्या माझ्या सासऱ्यांचं ताट पाहिलं. सासऱ्यांनी दही संपवून वाटी पुन्हा पुढे केली होती. मास्तर माझ्याकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "अहो गाववाले, पाहता काय? पाव्हण्यांले दही वाढा!"